घरचा जूस: थैलीपासून ग्लासापर्यंत, योग्य क्रमाने

इंदुरात मिक्सर घरोघरी आहे, बऱ्याच ओट्यांवर जूसरही आहे, तरी तक्रारी ठरलेल्या. मोसंबीचा रस अर्ध्या तासात कडू झाला, डाळिंबाचा तुरट निघाला, गाजरात रसापेक्षा फेसच जास्त, सफरचंदाचा रंग मातकट पडला. दोष यंत्राला दिला जातो, मग महागडा जूसर येतो आणि त्यातूनही मोसंबी कडूच निघते.

रस बहुतेक वेळा बटण दाबण्याआधी बिघडतो, नाहीतर बटण दाबून धरल्यामुळे. कोणतं फळ आणलं, कोणत्या क्रमाने धुतलं-चिरलं, किती सेकंद फिरवलं आणि किती वेळाने प्यायलं, एवढं सांभाळलं तर साध्या मिक्सरवरही उत्तम रस निघतो. खालची मापं चार माणसांची आहेत, प्रत्येकी साधारण दीडशे मिली. त्यापेक्षा मोठा ग्लास का नको, ते नवव्या टप्प्यात येईल.

१. खरेदी: ‘जूसला चालेल’ असा माल आणू नका

ठेल्यावर चांगल्या फळांशेजारी एक स्वस्त ढीग असतो. “भाभीजी, जूस के लिए ये ले जाओ.” तो ढीग सोडा. भाजीतला डागी टोमॅटो शिजतो, फोडणीत लपतो. जूसमध्ये मध्ये काहीच नाही. फळाची चव आणि फळावरचे जंतू, दोन्ही थेट ग्लासात. मऊ पडलेलं, फुटलेलं, बुरशी धरलेलं फळ जूसला नको. सफरचंदावर बुरशीचा डाग असेल तर तेवढाच भाग कापून बाकीचं वापरू नका. बुरशीचं विष डागाच्या पलीकडे गरात उतरलेलं असू शकतं.

काय बघून घ्यायचं:

मोसंबी हातात घेऊन वजन बघा. आकाराच्या मानाने जड, साल पातळ आणि गुळगुळीत, ती रसाळ. जाड, खरबरीत सालीची मोसंबी दिसायला मोठी, आत पांढरा भागच जास्त. हिरवटपणावरून मोसंबीला नापास करू नका, हिरवी मोसंबीही गोड असते. जालना–संभाजीनगरकडची मोसंबी दोन बहरांत येते: आंबिया बहराची पावसाळ्याच्या शेवटी, मृग बहराची उन्हाळ्याच्या तोंडाशी. त्या दिवसांत भाव उतरतो आणि रसही भरपूर मिळतो.

संत्र्याचं उलटं. त्याची साल जरा सैल असणारच. पण फळ दाबल्यावर आत पोकळ लागलं तर फोडी वाळलेल्या समजा. नागपूरचं असो वा आपल्या आगर-माळव्याचं, परीक्षा वजनाचीच.

डाळिंब पूर्ण गोल नको. बाजूंनी थोडं चपटं, कोनदार झालेलं डाळिंब दाण्यांनी भरलेलं असतं. कलिंगडाच्या पोटाला जमिनीवर टेकल्याचा पिवळा डाग हवा. तिथे पांढरंफटक असेल तर ते कच्चं उतरवलं आहे. गाजर हिवाळ्यातलं लाल घ्या, सरळ आणि कडक. वाकवल्यावर वाकलं तर शिळं. खांद्याशी हिरवी झालेली गाजरं कडवट लागतात. बीट मुठीएवढंच घ्या, मोठ्या बिटात दोरे असतात.

चोइथराम मंडी राजेंद्रनगरच्या बाजूच्या लोकांना जवळ पडते म्हणून कॅरेटभर मोसंबी आणायचा मोह होतो. तीन-चार घरांत वाटून घेणार असाल तरच आणा. शेवटची दोन किलो मऊ पडू लागली की ती “संपवायला” म्हणून जूस होतो, आणि तोच बिघडतो.

तपासा: थैली रिकामी करताना प्रत्येक फळ हातातून जाऊ द्या. गळणारं एक फळ बाकीच्यांना खराब करतं. ते वेगळं काढा, लगेच.

२. दुधी असेल तर आधी हे वाचा

दुधीचा रस सकाळी पिणारी मंडळी आपल्याकडे बरीच आहेत. हा टप्पा गाळू नका.

दुधी, काकडी, दोडका या एकाच कुळातल्या भाज्या. त्यांत कुकरबिटासिन नावाचं कडू द्रव्य कधी कधी फार वाढतं. असा कडू दुधी पिऊन उलट्या, जुलाब, पोटात असह्य दुखणं, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम उतरणं असे प्रकार झाले आहेत आणि आपल्या देशात माणसं दगावलीही आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने त्यावर अगदी साधे नियम दिले:

रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखून बघा. कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्या.

दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका. मिसळला की कडूपणा कळत नाही.

रस पिऊन मळमळ, उलटी, जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

यात मी एकच जोड देईन: दोन्ही टोकांचा आणि मधला असे तीन तुकडे चाखा. आवळा-पुदिना-आल्याच्या गर्दीत दुधी ढकलायची जी पद्धत पडली आहे ती बंद करा. आणि “औषध कडूच असतं” म्हणून डोळे मिटून पिण्याचं शौर्य दुधीच्या बाबतीत जिवावर बेतू शकतं. कारलं मुळात कडू, त्याचा कडूपणा वेगळा. दुधीचा कडूपणा म्हणजे धोक्याची खूण. (मधुमेहाची गोळी चालू असेल तर कारल्याचा रसही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, साखर जास्त खाली जाऊ शकते.)

काकडीलाही चाखणं लागू आहे. शेंडा घासून फेस काढायची सवय असेल तर काढा, पण चाखण्याला तो पर्याय नाही.

३. धुणं: चिरण्याच्या आधी, सोलायच्या फळांचंसुद्धा

“साल तर काढायचीच आहे, धुवायचं कशाला?” ही सगळ्यात मोठी चूक. कलिंगडाच्या, मोसंबीच्या सालीवरची माती आणि जंतू सुरीच्या पात्याला लागून गरात जातात. म्हणून क्रम कायम असा: हात धुवा, अख्खं फळ धुवा, पुसा, मग सुरी.

फळं आणि कंदांसाठी: आधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. गाजर, बीट, आलं यांना एक ब्रश वेगळा ठेवा, भांडी घासायचा नको. मग सालीसकट वापरायच्या फळांसाठी (सफरचंद, द्राक्षं, काकडी) एक लिटर पाण्यात दोन सपाट चहाचे चमचे खायचा सोडा विरघळवून पंधरा मिनिटं बुडवून ठेवा आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवा. सालीवर राहिलेली फवारणी यात बरीच उतरते. गरात मुरलेली उतरत नाही. साबण, भांड्यांचं लिक्विड अजिबात नको, फळाची साल ते शोषून घेते.

पालेभाजीसाठी: देठ सुटे करा, मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाला बुडवा, हलवा, दोन मिनिटं थांबा. आता पाला वर उचलून घ्या. पातेलं पाल्यासकट चाळणीत ओतलं तर तळाशी बसलेली माती परत पाल्यावरच येते. तळाला माती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदला, पालकाला तीन वेळा तरी लागतंच.

शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याने करा. नळाचं पाणी टाकीत साठलेलं असतं आणि टाकी शेवटची कधी घासली ते बहुतेकांना आठवावं लागतं. रसाला उकळी येणार नाही, म्हणून ही काळजी.

४. गार करणं आणि भांड्यांची तयारी

यात दोन तऱ्हा आहेत आणि त्या उलट्या आहेत.

हाताने पिळायची फळं (मोसंबी, संत्रं, लिंबू) फ्रीजमधून अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. गार फळ ताठ राहतं, रस कमी सोडतं. चिरण्याआधी ओट्यावर तळहाताने दाबून दोन-चार वेळा फिरवा.

मिक्सरमध्ये जाणारी फळं (कलिंगड, डाळिंबाचे दाणे, अननस, गाजर) दोन-तीन तास फ्रीजमध्ये असू द्या. पातं फिरताना भांडं तापतं. गार माल घातला तर रस कोमट होत नाही, फेस कमी येतो आणि वरून बर्फ घालून पाणचट करायची वेळ येत नाही. बर्फ हवाच असेल तर घरच्या पिण्याच्या पाण्याचा. बाहेरची लादी नको.

भांडी स्टीलची किंवा काचेची. आंबट रस तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका, धातू रसात उतरतो. रात्री तांब्याच्या लोट्यात पाणी ठेवणं वेगळं आणि त्याच लोट्यात मोसंबीचा रस ओतणं वेगळं. ॲल्युमिनियमची पिळणीही टाळा, स्टीलची घ्या. आवळा आणि सफरचंद लोखंडी विळीवर चिरले की काळे पडतात. त्यांना स्टीलची सुरीच हवी.

यंत्र कोणतं? कमी वेगाने दाबून रस काढणारा जूसर गाजर, बीट, पालेभाजी रोज करणाऱ्यांना फायद्याचा: चोथा कोरडा निघतो, फेस कमी. जाळीवर गरगर फिरवणारा जुना जूसर कडक फळांना ठीक, पाल्याला निरुपयोगी. आठवड्यातून दोनदा जूस करणाऱ्याला मिक्सर, स्टीलची गाळणी, मलमलचा धुतलेला कपडा आणि हाताची पिळणी एवढं पुरे. लेखातल्या पुढच्या कृती मिक्सर धरूनच आहेत.

तपासा: मिक्सरच्या भांड्याला काल रात्रीच्या लसणाच्या चटणीचा वास येतो का? झाकणाची रबरी रिंग हुंगा, वास तिथेच असतो. येत असेल तर त्या भांड्यात डाळिंब घालू नका.

५. फळांचा रस

मोसंबी आणि संत्रं. सर्वांत जास्त घोटाळा इथेच, म्हणून सविस्तर.

लिंबूवर्गीय फळांच्या बिया, फोडींवरचा पापुद्रा आणि सालीखालचा पांढरा भाग यांत एक द्रव्य असतं. फळ अख्खं असताना ते कडू नसतं. बी किंवा पापुद्रा चिरडला की ते रसात येतं आणि रसाच्या आंबटपणामुळे हळूहळू कडू रूप घेतं. त्याचं नाव लिमोनिन. म्हणून रस काढल्या-काढल्या गोड लागतो, आणि पाहुणे येईपर्यंत कडू होतो. यावर साखर घालून काही होत नाही. उपाय दोनच: बी-पापुद्रा चिरडू द्यायचा नाही, आणि रस थांबवून ठेवायचा नाही.

चांगली पद्धत हाताची. दीड किलो मोसंबी (मध्यम आठ-नऊ) आडवी अर्धी करा. सुरीच्या टोकाने दिसतील तेवढ्या बिया काढा. पिळणीवर दाबून दोन-तीन वेळा फिरवा आणि सोडून द्या. शेवटचा थेंब काढायला साल पिळून मुरगाळू नका. सालीतलं तेल रसात येतं आणि जिभेला चुरचुरतं. साधारण सहाशे मिली रस निघेल.

मिक्सरच वापरायचा असेल तर सोला, पांढरा भाग सुरीने खरवडून काढा, फोडी सुट्या करा, प्रत्येक फोडीतून बी काढा. कंटाळवाणं आहे, मान्य; पण बियांसकट फिरवायचं असेल तर मोसंबी तशीच खा. भांडं अर्धंच भरा. बटण उलट्या बाजूला, पल्सवर, एकेका सेकंदाचे चार झटके. गर फुटला पाहिजे, पापुद्रा दळला जाता कामा नये. लगेच गाळा.

सावध: रसाचा रंग पांढुरका, दाट आणि वर घट्ट फेस दिसला तर पापुद्रा दळला गेला आहे. हा रस तत्काळ पिऊन टाका.

डाळिंब. तुरटपणा बियांत आणि दाण्यांमधल्या पिवळट पडद्यात असतो. दाणे पाण्याच्या वाडग्यात सोडवा: पडदे तरंगतात, दाणे तळाशी बसतात. निथळून, गार करून, पल्सवर दोन किंवा तीनच झटके. दाणे फुटून बिया अख्ख्या दिसल्या पाहिजेत. गाळणीत चमच्याच्या पाठीने हलकं दाबा, खरवडू नका. चार मोठ्या डाळिंबांचा अदमासे साडेचारशे मिली रस येतो. महाग पडतं म्हणून चोथा पुन्हा मिक्सरमध्ये घालणारे आहेत. त्यांना तुरटपणाच मिळतो.

कलिंगड. पाणी घालायचं नाही, साखर घालायची नाही. काळ्या बिया काढा, पाच-सहा सेकंद फिरवा, जाड गाळणीतून गाळा. पुदिन्याची चार पानं हाताने चुरडून ग्लासात घाला.

सफरचंद. चिरलेल्या फोडीला हवा लागली की तिच्यातलंच एक विकर (एन्झाइम) रंग तपकिरी करतं आणि मिक्सर तर रसात हवा कोंबतोच. म्हणून इथे लिंबू आधी: भांड्यात अर्ध्या लिंबाचा रस आणि पाव वाटी गार पाणी घाला, मग फोडी. मधला भाग आणि बिया काढलेल्याच हव्यात.

अननस आणि पपई दुधाबरोबर फिरवू नका. दोन्हींतली विकरं दुधातली प्रथिनं तोडतात आणि मिश्रण थोड्याच वेळात कडवट होतं. मोसंबीचा रस दुधात घातला तर दूध फाटणारच, ते वेगळं सांगायला नको.

६. भाज्यांचा रस

गाजर-बीट-आवळा, हिवाळ्यातला. एक किलो लाल गाजरं, एक छोटं बीट, दोन आवळे, बोटाच्या पेराएवढं आलं. गाजराच्या आत जाड पिवळट दांडा असेल तर काढून टाका, गोडी वाढते. सगळ्याच्या अर्ध्या इंचाहून बारीक चकत्या करा. मोठे तुकडे टाकले की पातं अडतं, मोटार गरम होते, आणि तळाचं लाल बटण उसळून मिक्सर बंद पडतो. तसं झालं तर मिक्सर बिघडला म्हणून दुकानात नेऊ नका. प्लग काढा, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, बटण आत दाबा.

घालायचा क्रम: खाली दीड वाटी गार पाण्यातलं अर्धं, त्यावर आवळा आणि आलं, वर गाजर-बीट. ओला, मऊ माल खाली असला की पातं लगेच पकड घेतं. दोन घाण्यांत करा. तीस सेकंद फिरवा, थांबा, कडा खाली ढकला, पुन्हा वीस सेकंद. सलग दोन मिनिटं फिरवून फक्त फेस वाढतो.

बीट हात राखून घाला. गाजराच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त झालं की मातीची चव पुढे येते. बीट प्यायल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नका, काहींना होतं.

गाजराच्या रंगातलं कॅरोटीन तेला-तुपाबरोबरच अंगी लागतं. त्यामुळे “रिकाम्या पोटीच प्या” हा आग्रह इथे चुकीचा. सकाळच्या पोह्यांबरोबर प्या, त्यातल्या तेलावर काम होतं.

हिरवा रस. दोन काकड्या (चाखून), पालकाची दहा-बारा कोवळी पानं, मूठभर पुदिना, थोडी कोथिंबीर, आलं. इथे लिंबू शेवटी. आंबट लागलं की पाल्याचा हिरवा रंग शेवाळी पडतो, म्हणून लिंबू भांड्यात नको, प्यायच्या क्षणी ग्लासात पिळा. सफरचंदाला आधी, पाल्याला नंतर; ही उलटापालट झाली की दोन्ही रस दिसायला वाईट होतात. काकडी आधी फिरवून पातळ करा, पाला नंतर घालून दहा सेकंद. पुदिना जास्त फिरला की कडसर होतो.

सावध: मुतखड्याचा त्रास असेल तर पालक आणि बीट यांचा कच्चा रस नको, दोन्हींत खडा वाढवणारं ऑक्झलेट भरपूर. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असणाऱ्यांनी हिरवा रस एकदम सुरू करू नये, पाल्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या परिणामात ढवळाढवळ करतं. डॉक्टरांना विचारा.

७. गाळणं

मोसंबी, कलिंगड, डाळिंब यांना स्टीलची गाळणी पुरे. गाजर-बीट आणि पाल्याला मलमलचा कपडा. कपडा आधी पिण्याच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा, नाहीतर पहिला घोट तोच पितो. पातेल्यावर कपडा पसरा, वाटण ओता, चारही टोकं एकत्र धरून पिळा. गाजराचा चोथा पाव वाटी पाण्यात कालवून एकदा आणखी पिळता येतो; मोसंबी-डाळिंबाला हा प्रयोग नाही.

कपडा जूसचाच असावा. चक्का बांधायचा, पनीर दाबायचा आणि जूस गाळायचा कपडा एकच असेल तर तो कितीही धुतला तरी आंबूस वास धरतो. वापरून झाला की लगेच धुवा, उकळत्या पाण्यातून काढा, उन्हात वाळवा.

गाळलेला रस दोन मिनिटं स्थिर ठेवा. फेस वर येतो, चमच्याने काढा.

८. चव

आधी नुसता चाखा. चांगल्या फळाला काही लागत नाही. लागलंच तर ग्लासात घाला, भांड्यात नको. घरात एकाला मीठ चालत नाही, एकाला तिखट. मोसंबीला काळं मीठ, गाजर-बिटाला मिरपूड. कलिंगडावर किंवा काकडीच्या रसावर चिमूटभर जिरावण (पोह्यांवर भुरभुरतात तो इंदुरी मसाला) फार छान लागतं, पण त्यात मीठ असतं हे धरून वेगळं मीठ घालू नका.

साखर घालावी लागत असेल तर फळ चुकलं आहे. आंबट संत्र्यांत एक गोड मोसंबी, तुरट आवळ्यात थोडं गाजर, अशी फळानेच दुरुस्ती करा.

९. किती आणि केव्हा

लगेच. पंधरा-वीस मिनिटांत. मोसंबीचं कारण वर आलंच. बाकीच्या रसांचाही रंग आणि क जीवनसत्त्व हवेने उतरत जातं.

ठेवायचाच असेल तर काचेची बाटली गळ्यापर्यंत भरा, वर हवेला जागा नको, घट्ट झाकण लावून फ्रीजमध्ये चार अंशांच्या आसपास ठेवा आणि चोवीस तासांच्या आत संपवा. गाजर-बीट तग धरतं, कलिंगड आणि मोसंबी नाही. बाहेर ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेला रस टाकून द्या. बत्तीस अंशांवर पारा असेल तर एकाच तासात. मे महिन्यातल्या इंदुरात मुलांच्या शाळेच्या किंवा क्लासच्या बाटलीत ताजा जूस भरून देणं म्हणूनच नको. फळ कापून द्या, किंवा अख्खं संत्रं द्या.

प्रमाणाबद्दल. फळ गाळलं की चोथा, म्हणजे तंतू, मागे राहतो आणि साखर पुढे जाते. दोनशे मिली संत्र्याच्या रसात साधारण १६-१७ ग्रॅम साखर असते, वरून काही न घालता. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेसारखीच ‘मोकळ्या साखरेत’ धरते, आणि मोकळी साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम असं सांगते. मोठे दोन ग्लास प्यायले की तो हिशेब नाश्त्यालाच संपतो. मधुमेह असणाऱ्यांनी फळ चावून खावं. एक वर्षाखालच्या बाळाला जूस नकोच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०१७ च्या सूचनेत एक ते तीन वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १२० मिली सांगितलं आहे. गर्भवती स्त्रिया आणि आजारातून उठलेली माणसं यांच्यासाठी धुण्याचा टप्पा दुप्पट काळजीने करा आणि ठेवलेला रस देऊ नका.

“शरीर साफ होतं” म्हणून दोन-दोन दिवस जेवण सोडून नुसत्या जूसवर राहणाऱ्यांसाठी हा लेख नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करत असतात.

१०. आवरणं

रस पिण्याआधी भांड्यात पाणी घालून ठेवा. पाच मिनिटांनी गाजर पात्याला जितकं चिकटतं तितकं पुरणसुद्धा चिकटत नाही. पिऊन झालं की भांड्यात अर्धं पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचा थेंब घालून दहा सेकंद मिक्सर फिरवा, ओता, साध्या पाण्याने पुन्हा एकदा. जूसरची जाळी वाळू देऊ नका, वाळली की भोकं बुजतात. टूथब्रशने मागच्या बाजूने घासा. प्लास्टिकला गाजराचा केशरी डाग पडला तर साबणाआधी खायच्या तेलाचं बोट फिरवा.

गाजर-बिटाचा चोथा थालीपिठाच्या भाजणीत किंवा पराठ्यात त्याच दिवशी वापरा, कांदा आणि तिखट जरा वाढवून, कारण गोडी रसात गेलेली असते. मोसंबीच्या साली, डाळिंबाचे पडदे आणि उरलेला चोथा निथळून ओल्या कचऱ्याच्या डब्यात, प्लास्टिकच्या थैलीशिवाय. आपला ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटमध्ये जातो (फेब्रुवारी २०२२ पासून, रोजची क्षमता ५५० टन). थैली आत गेली की तिकडे ती कोणाला तरी हाताने काढावी लागते.

शेवटी झाकणाची रबरी रिंग सुरीच्या बोथट बाजूने बाहेर काढा, धुवा, आणि भांडं, झाकण, रिंग तिन्ही सुटी सुटी पालथी वाळवा. रिंग ओली असताना झाकण लावून भांडं कपाटात ठेवलं तर पुढच्या डाळिंबाच्या रसाला कसला वास येणार ते आजच ठरलं.